टेबलावरची आगगाडी

साठी उलटलेल्या मनुष्याने खेळातली आगगाडी मांडून बसावे, आणि तेही गावात रोगाने माणसे दगावत असताना, हे वाचून पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतील. दुसऱ्या कोणी असे केले असते तर माझ्याही पडल्या असत्या. किंबहुना एकदा पडल्याच होत्या, आणि त्या आठ्यांचीच ही हकीकत आहे.

प्रथम माझी ओळख सांगतो. मी साताऱ्याचा एक सेवानिवृत्त शाळामास्तर. जुनी अकरावीची मॅट्रिक झालो, त्यापुढे अध्यापनाची सनद घेतली, आणि सदतीस वर्षे मुलांना संस्कृत व मराठी शिकविले. लहानपणी वाईस चुलत्यांकडे राहून एका वृद्ध शास्त्रीबोवांपाशी लघुकौमुदी आणि रघुवंशाचे काही सर्ग झाले होते, त्या भांडवलावर सारी नोकरी निभावली. यंत्रांशी माझा संबंध हातातल्या घड्याळापुरताच. सायकलची साखळी पडली तर ती बसविण्यासही मी विद्यार्थ्यास हाक मारीत असे.

माझा धाकटा बंधू मात्र अगदी निराळ्या मातीचा. तो एका साखर कारखान्यात हिशेबनीस होता आणि सांगलीस गावभागात आमच्या जुन्या घरात राहतो. त्यास आगगाडीचे वेड लहानपणापासूनचे, आणि त्याचे मूळ मिरजेत आहे. मिरज हे आमचे आजोळ. सत्तरच्या दशकाच्या आरंभी पुण्याकडून रुंद रूळ मिरजेपर्यंत आले, तेव्हा लोंढ्याकडे जाणारा मीटरचा रूळ तसाच होता आणि पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइटची चिमुकली गाडीही चालू होती. एकाच स्थानकात तीन मापांचे रूळ! वडील आम्हांस पुलावर उभे करून ते दाखवीत. मी पाच मिनिटांत कंटाळून भेळेकडे पाहू लागे. बंधू कठड्याच्या गजांत तोंड घालून तासभर हलत नसे. पुढे पुण्यास कोथरुडात भाऊसाहेब जोशी यांनी लहान रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांस खुले केले. ते पाहावयास बंधू मुलाला घेऊन गेला आणि एकाच दिवसात तीन वेळा तिकीट काढून आत बसला. मुलगा कंटाळून बाहेर पायरीवर झोपला होता म्हणे. त्यानंतर बंधूने पानतंबाखू सोडली आणि तो पैसा साठवून पहिले इंजिन आणविले. परदेशी माल, त्यावर जकात. एका इंजिनाच्या किमतीत घरच्या दोन महिन्यांचा किराणा आला असता. भावजयीने ह्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. मी मात्र पुष्कळ काढले.

अठरा वर्षांत त्याने मागच्या खोलीत आठ फूट लांब व चार फूट रुंद फळीवर एक सबंध मुलूख वसविला. डोंगर, बोगदा, नदीवरचा पूल, सांधेवाल्याची खोली. मी दिवाळीस गेलो की तो दिवा लावून दाखवी, आणि मी मान डोलावून चहाची चौकशी करी.

संस्कृतात ‘व्यसन’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक संकट, आणि दुसरा एखाद्या गोष्टीची अनावर ओढ. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात दोहोंचाही विचार एकत्रच केला आहे. मृगया, द्यूत इत्यादी मनुष्याची व्यसने तेथे आहेत, आणि अग्नी, जल, व्याधी, दुर्भिक्ष व मरी ह्या पाच दैवी पीडाही तेथेच आहेत. वर्गात हे मी अनेकदा शब्दार्थाची गंमत म्हणून सांगितले होते. त्या पाचांपैकी दोन पीडा आठ महिन्यांच्या आत आमच्या घरी येतील, असे वाटले नव्हते.

पहिली जलाची. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला जो पूर आला तो सांगलीकर विसरणार नाहीत. पंचेचाळीस फूट ही तेथील आयर्विन पुलापाशी धोक्याची खूण. पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. बंधू व भावजय आधी शेजाऱ्यांच्या माडीवर आणि मग नावेतून बाहेर पडली. घरात सहा दिवस पाणी होते. ओसरल्यावर मी गेलो. दारापासून माजघरापर्यंत घोट्याएवढा काळा, गुळगुळीत, दुर्गंधी येणारा गाळ. धान्याची पिंपे उलटलेली, पुस्तकांचा लगदा, आणि वडिलांनी काढविलेल्या तसबिरींत कोणाचाही चेहरा ओळखू येत नव्हता. मागच्या खोलीतली फळी पाण्याने फुगून तिचे पापुद्रे सुटले होते आणि डोंगर विरघळून तिच्यावर नुसता कागद चिकटलेला होता.

बंधू ओट्यावर बसला होता. हातात चिखलाचा एक गोळा; त्यात इंजिन होते. तो रडत होता. तेव्हा, घर धुवावयास आलेल्या चार माणसांच्या देखत, मी म्हणालो, “अरे, घर वाहून चालले आहे, आणि तू खेळण्यासाठी रडतोस? वय काय तुझे?”

त्याने वर पाहिले, गोळा खाली ठेवला, आणि फावडे घेऊन गाळ ओढू लागला. त्या दिवसापासून आगगाडीचा विषय त्याने माझ्यापाशी काढला नाही. पुढे पुढे इतरही विषय निघेनासे झाले. भावजय दूरध्वनीवर सांगे की हे जेवतात, झोपतात, पण बोलत नाहीत. विम्याचे कागद ह्या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत होते. मला आपले शब्द आठवत. पण मास्तरकी केलेल्या मनुष्यास क्षमा मागण्याची सवय नसते, ऐकण्याची असते.

२०२० च्या पाडव्यास आईने सर्वांना साताऱ्यास बोलाविले. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. बंधू आणि भावजय चार-पाच दिवस आधीच आली, आणि नेमकी पाडव्याच्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात नऊ माणसे अडकली. चौऱ्याऐंशी वर्षांची आई, आम्ही उभयता, मुलगा व सून, नातू व नात, आणि ही दोघे. मुलाची पुण्याची नोकरी घरूनच चाललेली, पण पगार निम्म्यावर आलेला. बंधूचा मुलगा बंगळुरास एकटा. इस्लामपूरच्या बातम्या तेव्हा रोज येत, आणि सांगलीचे नाव निघाले की भावजय आत निघून जाई.

२२ मार्चपासून देशातल्या सर्व प्रवासी गाड्या थांबल्या. १९७४ चा संप मला आठवतो. पण तेव्हाही कोठे कोठे गाड्या धावतच होत्या. साताऱ्याचे स्थानक शहराबाहेर माहुलीकडे. पहाटेच्या शांततेत वारा तिकडून असला तर आमच्या गच्चीवर कधीकधी शिटी ऐकू येई. तीही बंद झाली. मधूनच एखादी मालगाडी जाई, तेवढीच. बंधू पहाटे गच्चीवर जाऊन उभा राहू लागला. काय ऐकतोस, असे मी विचारले नाही.

दहा-बारा दिवस गेले असतील. नातवाला भावजयीच्या पिशवीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. खाऊ असेल ह्या आशेने त्याने तो उघडला, तर आत फडक्यांत गुंडाळलेली चार इंजिने, काही डबे, आणि चाकांची एक पुडी. सगळ्यांवर वाळलेला गाळ. भावजय मला बाजूस घेऊन हळूच म्हणाली, “दादा, ह्यांनी टाकून दिली होती. मी उकिरड्यावरून परत आणली. ह्यांना सांगू नका.” सांगण्याची गरजच उरली नाही, नातू डबा डोक्यावर धरून ओसरीभर नाचत होता. बंधू झोपाळ्यावर होता. त्याने पाहिले आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. ते तीन आठवड्यांपूर्वीचे होते.

मुलांनी मला धरले. आजोबा, ही साफ करू या. मी नाही म्हणू शकलो असतो. पण मला ते फावडे आठवले आणि मी बसलो.

वाचकहो, कृष्णेचा गाळ किती सूक्ष्म असतो, हे मला तेव्हा कळले. दाताच्या जुन्या घासणीने वरवरचा निघाला. परंतु चाकांच्या दात्यांत तो सिमेंटासारखा बसलेला. सून हाताला लावण्याचे जंतुनाशक घेऊन आली, कारण त्या दिवसांत घरात पाण्याहून तेच अधिक होते. ते वापरले तर वर चिकट थर राहिला. एका डब्याची जोडकडी माझ्या हातून मोडली. मग वाटले, तेल घालावे. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन मी इंजिनाच्या पोटात चांगली धार धरली.

“दादा, इतके तेल घालायचे नाही.”

बंधू पाठीमागे उभा होता. आठ महिन्यांत ह्या विषयावरचे त्याचे ते पहिले वाक्य. “सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. आणि ते जंतुनाशक नको, त्यात ग्लिसरीन असते. औषधांच्या दुकानातून साधे स्पिरिट आणवा.” एवढे बोलून तो पुन्हा झोपाळ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला नाही, बसला. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या हातातून घासणी काढून घेतली, आणि मला त्या अपमानाचे इतके सुख झाले की काय सांगू!

चारांपैकी दोन इंजिने जगली. मोटारीतले कार्बनचे दोन तुकडे, जे फिरत्या तांब्याच्या कड्याला टेकून वीज पोचवितात, ते त्याने बाहेर काढून घासले, कड्याच्या फटींतली माती टाचणीने कोरली, आणि सारे पुन्हा बसविले. रूळ शोधावयाचे होते. ते दुरुस्तीच्या सामानात बांधून त्याने माळ्यावर टाकले होते, आणि तो माळा सुदैवाने आमचाच होता. कधीतरी अडगळ म्हणून तो येथे ठेवून गेला होता. काळे पडलेले रूळ आम्ही खोडरबराने पुसले. शाळेतल्या माझ्या टेबलाच्या खणात जप्त केलेली खोडरबरे निवृत्तीनंतरही मजपाशी होती. सदतीस वर्षांची ती जप्ती अशी कामी आली.

वीज कोठून आणावी? ह्या गाड्या बारा व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर चालतात. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांतून वीज मोटारीत जाते, आणि तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. मूळचे नियंत्रणयंत्र पुरात गेले होते, दुकाने बंद होती. मुलाची स्कूटर अंगणात नुसती उभी. तिची बॅटरीही बाराचीच! बंधूने ती काढविली आणि वाटेत स्कूटरचाच एक दिवा जोडला. गाडी नीट चालली की दिवा मंद राही. ती घसरून दोन रूळ एकमेकांस भिडले की दिवा भक्कन पेटे आणि तारा जळण्याचे वाचे. नातीने त्याचे नाव ‘धोक्याचा दिवा’ ठेवले. न्याहारीच्या टेबलावर सहा फुटांचे लंबवर्तुळ मांडले, आणि रामनवमी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी गाडी हलली. ती दीड फेरी गेली आणि थांबली. टाळ्या मात्र अशा वाजल्या की शेजारून कोणी विचारले, घरी पाहुणे तर आले नाहीत ना? त्या दिवसांत पाहुणे येणे हा गुन्हाच होता.

देशातल्या गाड्या उभ्या असताना आमची चालू होती, हे मुलांनी फारच मनावर घेतले. तिचे वेळापत्रक निघाले. सांगलीहून सुटणे, ताकारी, कऱ्हाड, कोरेगाव, सातारा. भावजय रोज सायंकाळी सांगलीच्या फलाटापाशी बसे. फलाट म्हणजे काडेपेट्या.

काम वाढत गेले तसा बंधू बोलू लागला. रुळांखालची खडी म्हणून रांगोळी काजळीत कालवून वापरली. पूर्वी त्याने रवा वापरला होता आणि त्यास मुंग्या लागल्या होत्या, हे तो हसत सांगत होता. झाडांसाठी तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या. आई प्रथम बिचकली. पण आपसूक गळालेल्या असतील तर चालतील, असा निर्णय तिने दिला. मी मुलांचे गणित घेतले. हे प्रमाण सत्याऐंशीस एक. बार्शी लाइटचा रूळ ७६२ मिलिमीटर. भागिले सत्याऐंशी, म्हणजे पावणेनऊहून किंचित अधिक. म्हणून नऊ मिलिमीटरचा रूळ तिला चालतो. मीटरच्या रुळास साडेअकरा येतात, तेथे बाराचा घेतात. पण आपला रुंद रूळ १६७६. त्याचे सव्वाएकोणीस होतात, आणि बाजारी रूळ साडेसोळाच. बंधू म्हणे, “हे शल्य मला वीस वर्षे आहे.” त्रैराशिक इतक्या गोडीने मी शाळेत कधी शिकविले नव्हते.

एका रात्री त्याने सांगितले की अमेरिकेत मोठी मंदी होती तेव्हा, १९३४ च्या जानेवारीत, मिलवॉकी शहरी ह्याच छंदाचे एक मासिक निघाले, आणि पुढच्याच वर्षी त्याच गावी छंदिष्टांची संस्था स्थापन झाली. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, आणि हे पुठ्ठ्याचे डबे कापीत होते. मला ते पूर्वी हास्यास्पद वाटले असते. त्या रात्री वाटले नाही. मुलाच्या पगाराचे काय होईल, बंगळुरास पुतण्या काय खात असेल, ह्या प्रश्नांस आम्हांपाशी उत्तर नव्हते. गाडी बोगद्यापाशी का अडते, ह्यास होते. आणि ते शोधले की सापडे.

तथापि माझे मन निःशंक होते असे नाही. मे महिन्यात आमच्या आळीतले एक गृहस्थ, माझे पन्नास वर्षांचे स्नेही, गेले. त्यांच्या मुलांनाही जवळ जाता आले नाही. मग आम्हांस कोठून येणार? मी गाडीवर चादर घातली. घरात कोणी काही बोलले नाही. चादर दहा दिवस तशीच होती. अकराव्या दिवशी आईनेच विचारले, “आज गाडी नाही का रे?” मी म्हणालो, बरे दिसत नाही. ती म्हणाली, “रडायचे तेवढे रडलास ना? मग मुलांना किती दिवस गप्प बसवशील?” मी चादर काढली. हे योग्य की अयोग्य, ह्याचा धर्मशास्त्रीय निर्णय मी आजवर केलेला नाही.

त्या वर्षी वारी निघाली नाही. आषाढी १ जुलैस होती. पालख्यांतल्या पादुका आदल्या दिवशी एस.टी.ने पंढरपुरास नेल्या. आई दूरदर्शनवर ते पाहत बसली होती. ती मिरजेची माहेरवाशीण. लहानपणी बार्शी लाइटने आपल्या आजीबरोबर पंढरपुरास जात असे. गाडी इतकी हळू चाले की पोरे उतरून बोरे तोडीत आणि पुन्हा चढत, असे ती सांगते. आषाढीस टपांवरही माणसे. तो छोटा रूळ २०१० च्या सुमारास जाऊन तेथे रुंद रूळ आला. डब्यात नऊ मिलिमीटरचे एक इंजिन होते, ते बंधूने ह्याच गाडीसाठी घेतलेले. पण त्याची मोटार गंजून पार गेली होती. एकादशीस सकाळी मुलांनी हातभर छोटा रूळ मांडला, इंजिनास दोरा बांधला, आणि नातीने पलीकडून रिळावर तो गुंडाळीत गाडी ओढली. कागदाच्या विठोबापाशी गाडी पोचली तेव्हा आईने डब्यावर तुळशीचे पान ठेवले. पान डब्याहून मोठे होते.

त्याच रात्री आम्ही दोघेच रूळ पुशीत होतो. मी म्हणालो, “त्या दिवशी ओट्यावर मी जे बोललो...” बंधूने मान वर केली नाही. “दादा, तो सांधा जरा धरून ठेव. हलतो आहे.” मी सांधा धरला. तो बराच वेळ काम करीत राहिला. मग म्हणाला, “मलाही लाज वाटली होती. पण काय करू, रडू त्याचेच आले.”

पावसाळा सरल्यावर तो सांगलीस परतला. नवी फळी केली, पण ह्या खेपेस चार कोपऱ्यांस दोर बांधून तुळईला कप्प्या लावल्या. खेळ संपला की फळी छतापाशी. लोक हसले, मी हसलो नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. मागल्याइतका नव्हे, पण गावभागात शिरण्याइतका. दूरध्वनी लागेना. रात्री अकरास त्याचाच आला. दोघे शेजारच्या माडीवर सुखरूप होती. घरात पाणी शिरले होते आणि वाढत होते. धान्य आणि कागदपत्रे वर घेतली, असे तो म्हणाला. मी विचारले, “आणि फळी?”

“ती पहिलीच वर घेतली.” तो थोडा थांबला. “पण दादा, बिस्किटांचा डबा सापडत नाही. ते छोटे इंजिन त्यात आहे. तो तुझ्याकडेच राहिला ना?”

मी दूरध्वनी तसाच धरून कपाटापाशी गेलो. डबा तेथेच होता. इंजिनास अजून दोरा बांधलेला होता.